अक्षरांचा मापाडी : जावजी दादाजी

जावजी दादाजी हे नाव आपल्यापैकी काहींनी एखाद्या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या पहिल्या पानावर, ‘निर्णयसागर’ या नावाच्या शेजारी वाचले असेल. मीही तेवढेच वाचले होते. या माणसाचे चरित्र मिळवून वाचावे असे मला कधी वाटले नव्हते. ते वाटायला लावले एका फसलेल्या प्रमाणपत्राने. म्हणून आधी माझ्या फजितीची हकीकत सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातील एका तरुण मंडळाने कबड्डीचे सामने भरवले होते. निमगाव, मंगरूळ, बेल्हे, जुन्नर, साकोरी अशा गावांचे संघ उतरले होते. प्रत्येक संघाला प्रमाणपत्र द्यायचे ठरले आणि ते काम, मला संगणक येतो या समजुतीने, माझ्याकडे आले. तयार नमुन्यात नावे भरून काम भागले असते. पण त्या दिवसांत मी स्मॉल बेसिक ही संगणकाची सोपी भाषा शिकत होतो आणि नवशिक्याला असते ती खुमखुमी मलाही होती. प्रमाणपत्राची चौकट, रेषा, नक्षी आणि गावाचे नाव, सारे आपणच प्रोग्राम लिहून काढायचे असे मी ठरवले.

बेसिक म्हणजे मुळात आपल्यासारख्यांसाठीच निघालेली भाषा. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्त्झ या दोन प्राध्यापकांनी ती १९६४ साली सुरू केली. विज्ञानशाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. स्मॉल बेसिक हे त्याच घराण्यातले २००८ सालचे धाकटे भावंड. त्यात चित्र काढण्यासाठी एक खिडकी उघडते. तिचा डावीकडचा वरचा कोपरा म्हणजे शून्य. तेथून उजवीकडे आणि खाली ठिपके मोजत जायचे. अमुक ठिपक्यापासून तमुक ठिपक्यापर्यंत रेषा काढ म्हटले की रेषा निघते, चौकोन म्हटले की चौकोन. मी आठशे ठिपके रुंदीची खिडकी घेतली आणि नावासाठी मधोमध एक चौकट आखली; दीडशेपासून साडेसहाशेपर्यंत. नाव तिच्या मध्यावर यायला हवे, म्हणजे चारशेतून नावाची निम्मी रुंदी वजा करायची आणि तेथून लिहायला सुरुवात करायची. हिशोब अगदी सरळ होता.

पण नावाची रुंदी किती? तिथेच घोडे अडले. चित्राच्या त्या खिडकीत शब्द लिहिण्याची आज्ञा आहे. मात्र लिहिलेला शब्द किती जागा घेईल हे विचारण्याची सोय नाही. शब्दात किती चिन्हे आहेत एवढे मात्र संगणक सांगतो. मी म्हटले, चालेल. ‘निमगाव’ लिहून पाहिले. त्याची चिन्हे सहा आणि पडद्यावरची रुंदी एकशे अडुसष्ट ठिपके, म्हणजे चिन्हामागे अठ्ठावीस. मग काय, प्रत्येक गावाची चिन्हे मोजायची आणि अठ्ठाविसाने गुणायचे!

हा हिशोब मी रात्री केला आणि पुन्हा न तपासता सकाळी प्रमाणपत्रे छापून आणली. बक्षीस-समारंभात ती वाटली जात असताना माझ्या पायांखालची जमीन सरकली. निमगाव बरोबर मध्ये होते. बेल्हे डावीकडे सरकून बसले होते. ‘साकोरी तर्फे बेल्हे’ या नावाची तर शोभाच झाली होती. जागा धरून त्याची चिन्हे एकोणीस, म्हणजे माझ्या हिशोबाने रुंदी पाचशे बत्तीस. त्यामुळे नाव एकशे चौतीसाव्या ठिपक्यापासून सुरू झाले होते आणि चौकट तर दीडशेवर! नावाचे पहिलेच अक्षर रेषेवर आडवे चढून बाहेर डोकावत होते आणि उजवीकडे चौकटीत बैल बांधता येईल एवढी जागा मोकळी होती. त्या संघाच्या कप्तानाने प्रमाणपत्र पाहिले आणि आमचे गाव तुमच्या चौकटीत मावत नाही वाटतं, एवढेच हसत विचारले. सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो. जिंकलेला सामना माणूस विसरतो, गावाच्या नावाची झालेली चेष्टा विसरत नाही.

घरी आल्यावर ते प्रमाणपत्र मी आजोबांना दाखवले. आमचे आजोबा पुण्यातील एका छापखान्यात तीस वर्षे खिळे जुळवण्याचे काम करीत होते. ऑफसेट आले, खिळे गेले आणि आजोबा गावी परतले. त्यांनी चष्मा पुसून नाव पाहिले आणि मी रुंदी कशी मोजली ते विचारले. चिन्हे मोजली, असे सांगताच ते बराच वेळ हसत राहिले. मग मला त्यांनी एक प्रश्न केला. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात मापाडी धान्य मापतो की दाणे मोजतो?

त्यानंतर त्यांनी ट्रंकेतून एक जुनी पोथी काढली. पाने पिवळी पडली होती. पण अक्षर असे की काल छापले असावे. शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न तुटता गेलेली आणि प्रत्येक ओळ उजव्या कडेला एकाच ठिकाणी थांबलेली. ही पोथी निर्णयसागरची होती. ज्याने हे अक्षर घडवले त्याने आयुष्यभर तुझाच प्रश्न सोडवला, असे आजोबा म्हणाले. त्या दिवसापासून मी जावजी दादाजींविषयी मिळेल ते वाचू लागलो.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घरची अत्यंत गरिबी. शाळेचे शिक्षण नावापुरतेच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा पोटासाठी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत असत. जावजींना मिळालेले काम सर्वांत खालचे, खिळे घासण्याचे. पगार दरमहा दोन रुपये.

खिळे घासणे म्हणजे काय, हे मला आजोबांनी समजावले नसते तर मी हे वाक्य वाचून पुढे गेलो असतो. खिळा असा तयार होतो : प्रथम पोलादाच्या दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात, हा पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खोलगट ठसा उमटतो, ती मातृका. मातृका साच्याच्या तळाशी बसवून वर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओततात आणि खिळा बाहेर पडतो. या साच्याची खुबी अशी की त्याचे दोन भाग एकमेकांवर सरकतात. सगळ्या खिळ्यांची उंची एकच राहते. रुंदी मात्र अक्षराप्रमाणे बदलते. ‘र’ला अरुंद खिळा, ‘क्ष’ला रुंद. म्हणजे प्रत्येक अक्षर आपले माप आपल्या अंगावर घेऊनच जन्माला येते.

पण ओतून निघालेला खिळा लगेच कामाचा नसतो. त्याला शेपूट असते, ते मोडावे लागते. बाजूंना बारीक कंगोरे असतात, ते दगडावर घासून सपाट करावे लागतात. घासणे कमी पडले तर दोन खिळे एकमेकांना नीट भिडत नाहीत आणि अक्षरांमध्ये फट राहते. जास्त झाले तर खिळा रोड होतो आणि ओळ सैल पडते. इंग्रजी अक्षरे सुटी सुटीच असतात. त्यांच्यात केसभर फट राहिली तरी ती डोळ्यांत भरत नाही. आपल्या देवनागरीला शिरोरेषा आहे. फट पडली की ती रेषा तुटते आणि सारा शब्द खिळखिळा दिसतो. तेव्हा दोन रुपयांवर खिळे घासणारा तो दहा वर्षांचा पोर वस्तुतः अक्षरांची रुंदी राखीत होता. पुढे त्याच्या हातून जे घडले त्याचे बीज मला या कामात दिसते. वरवर हलके दिसणारे हे काम त्याच्या बोटांना माप शिकवीत होते.

पुढे मिशनची ओतशाळा बंद झाली आणि जावजींना दुसरीकडे जावे लागले. इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा मुंबईतील छापखान्यांत त्यांनी काम केले. नोकऱ्या बदलल्या तरी धंदा एकच राहिला. अखेर १८६४ साली, पंचविशीत असताना, त्यांनी स्वतःची टाइप फाउंडरी काढली. मागे भांडवल नव्हते की घराणे नव्हते. होते ते हातातले कसब आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारखा सोबती. राणोजी हे पंच कोरण्यात निष्णात. एकाने अक्षर कोरावे आणि दुसऱ्याने ते निर्दोष ओतून घ्यावे, अशी ही जोडी जमली. देवनागरी अक्षराचे पुढे जे ‘निर्णयसागरी’ वळण म्हणून नावाजले गेले, त्यात या दोघांचा वाटा आहे. निर्णयसागर म्हटले की आपल्याला मालक आठवतो. कोरणारा हात आठवत नाही, म्हणून राणोजींचे नाव मी येथे मुद्दाम लिहिले.

जाता जाता एक योगायोग सांगतो. जावजींची ओतशाळा १८६४ची आणि बेसिक १९६४ची. दोहोंत नेमके शंभर वर्षांचे अंतर. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण माझी फजिती या दोन सालांच्या मधल्या फटीत झाली, असे मला उगाच वाटते.

खिळे विकून जावजींचे पोट भरत होते. पण आपल्या अक्षराचा कस आपल्याच छापखान्यात लागावा, ही इच्छा त्यांना स्वस्थ बसू देईना. १८६९ साली त्यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. हे नाव पंचांगावरून आले. मराठी पंचांग छापण्याचा मान त्यांच्या आधी गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मिळवला होता. धर्मकार्यातील पुस्तकाला चरबीची शाई चालायची नाही, म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली, ही कथा प्रसिद्ध आहे. जावजींच्या काळापर्यंत लोकांचा तो संकोच बराच ओसरला होता. आता अपेक्षा होती ती शुद्ध आणि सुबक छपाईची.

पंचांगाचे पान आपण नुसते चाळतो. पण जुळणाऱ्याच्या दृष्टीने ते सगळ्यांत कठीण पान. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. प्रत्येकाचा स्वतंत्र रकाना. प्रत्येक रकान्यात घटिका-पळांचे आकडे एकाखाली एक बसले पाहिजेत. एक खिळा केसभर रुंद निघाला तर ओळ फुगते, रेघ वाकडी होते आणि एका तिथीचा आकडा दुसरीच्या समोर जाऊन बसतो. तेथे सुबकपणा हा केवळ शोभेचा भाग नाही. एकादशी कोणत्या दिवशी धरायची हे त्यावर ठरते. रकान्यांचे हे गणित ज्याला साधले त्याला बाकीची पुस्तके जड जाणार नव्हती.

तशी ती गेलीही नाहीत. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली मुलांसाठी सुरू केलेले ‘बालबोध’ मासिक निर्णयसागरमधून निघू लागले. १८८६पासून ‘काव्यमाला’ सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेल्या या मालेतून तोवर हस्तलिखितांत पडून असलेली कितीतरी संस्कृत काव्ये आणि साहित्यशास्त्राचे ग्रंथ छापून बाहेर आले. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची शुद्धतेबद्दल देशभर ख्याती झाली. संस्कृत छापणे म्हणजे जोडाक्षरांच्या डोंगराशी झुंज. एका अक्षरावर दुसरे, त्याखाली तिसरे, वर रफार, खाली उकार. तरी ते अक्षर वाचकाच्या डोळ्यांना शिणवीत नाही. आणि हे सारे उभे करणारा माणूस शाळेत फारसा गेलेला नव्हता! जे ग्रंथ पूर्वी मोजक्या घरांच्या माळ्यावर बस्त्यात बांधून ठेवलेले असत, ते खिळे घासून मोठ्या झालेल्या एका माणसाने कुणाही विद्यार्थ्याला विकत घेता येतील असे केले. आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत. या ऋणाची जाणीव आपल्याला तरी असावी.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. वयाची पन्नाशी त्यांनी नुकतीच ओलांडली होती. त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखाना चालवला आणि निर्णयसागरचा लौकिक पुढच्या शतकातही टिकवला.

आता पुन्हा माझ्या चौकटीकडे येतो. आजोबांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. नाव मध्यावर कसे आणत, हे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, त्यात हिशोब कसला? डाव्या हातात स्टिक धरायची, तिचे माप आधीच बांधलेले असते. नावाचे खिळे मध्ये लावायचे आणि दोन्ही बाजूंना सारखेच कोरे खिळे भरत जायचे. ओळ घट्ट झाली की नाव आपोआप मध्यावर. त्यांना रुंदी विचारावी लागत नसे, कारण ती शिशातच होती. संगणकातील अक्षरांनाही प्रत्येकाची रुंदी लावून दिलेली असते. माझी भाषा मला ती सांगत नव्हती, एवढेच. बेसिकच्या जुन्या पडद्यांवर प्रत्येक इंग्रजी अक्षराला सारखाच खण मिळे, तेव्हा मोजणी चालून जाई. देवनागरीला ती चालत नाही. निमगाव, मंगरूळ, बेल्हे, जुन्नर या चारही नावांची चिन्हे संगणकाच्या लेखी सहा-सहाच आहेत. रुंदी मात्र प्रत्येकाची निराळी. विश्वास नसेल तर कुणीही लिहून पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. जुन्या खिळ्यांत डिग्री नावाची एक पद्धत होती. तीत एकाच ओळीच्या तीन पट्ट्या जुळवत. मधल्या पट्टीत मूळ अक्षरे, वरच्या पट्टीत मात्रा, रफार आणि अनुस्वार, खालच्या पट्टीत उकार. ओळीची रुंदी ठरते ती मधल्या पट्टीवर. वरचे आणि खालचे तिच्या सावलीत राहतात. हे ऐकले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘बेल्हे’ या नावातील दोन मात्रांना मी अठ्ठावीस-अठ्ठावीस ठिपके देऊन बसलो होतो आणि त्या तर कुणाचीच जागा अडवीत नव्हत्या!

मग मी पुन्हा बसलो. प्रत्येक अक्षर पडद्यावर लिहायचे, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेषा काढायच्या आणि त्या अक्षराला टेकेपर्यंत सरकवायच्या. दोहोंतील अंतर म्हणजे रुंदी. अशी एकेक रुंदी मी वहीत उतरवली. मात्रा, अनुस्वार आणि उकार यांच्यासमोर शून्य लिहिले. काना आणि वेलांट्यांना त्यांची त्यांची जागा दिली. अर्ध्या अक्षरांची यादी वेगळी केली. या कामाला चार संध्याकाळी गेल्या. काम कंटाळवाणे होते. पण दुसऱ्या संध्याकाळी मला दगडावर खिळे घासणारा तो मुलगा आठवला आणि कंटाळा करायची लाज वाटली. शेवटी प्रोग्रामला ही यादी दिली. तो नावातील चिन्हे एकेक करून पाहतो, त्यांच्या रुंदीची बेरीज करतो आणि निम्मी चारशेतून वजा करतो.

‘साकोरी तर्फे बेल्हे’ चौकटीत आले आणि नेमके मध्यावर आले. छापलेल्या कागदावर आजोबांनी आधी डावीकडे अंगठ्याच्या नखाने अंतर पाहिले, मग उजवीकडे. काही बोलले नाहीत. कागद परत दिला. तीस वर्षांच्या जुळाऱ्याची ही पसंतीची खूण असते, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून साकोरीला गेलो आणि कप्तानाच्या हातात नवे प्रमाणपत्र ठेवून जुने परत मागून घेतले. ते जुने मी फाडले नाही. निर्णयसागरच्या पोथीत खूण म्हणून ठेवले आहे.

जावजी दादाजींचे नाव आज फारसे कुणाच्या तोंडी नाही. त्यांचे खिळे वितळले, जुळारी घरी बसले. पण गावाचे असो वा माणसाचे, कुणाचेही नाव लिहायचे तर त्याला त्याच्या मापाची जागा दिली पाहिजे, हा त्यांचा धडा शिशाबरोबर वितळणारा नाही. मापाड्याची पायली खोटी असेल तर बाजार बुडतो. अक्षराचे माप खोटे असेल तर नाव बुडते. दोन रुपये पगारावर ज्याने हे माप खरे ठेवले, त्याच्या स्मृतीला माझा हा छोटासा नमस्कार.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला